बिनखिडकीच्या खोलीतली रीता नागपुरे

१८ जुलै २०२२. रुपये तीन हजार आठशे चाळीस फक्त. त्या दिवशी माझ्या टेबलावर आलेल्या बिलात लाल रंगाचे झिरोचे बल्ब, काळं मांजरपाट कापड, पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद आणि काळी चिकटपट्टी एवढा माल होता. वर लिहिलं होतं, ‘संशोधन साहित्य’.

ब्रह्मपुरीच्या आमच्या महाविद्यालयात मी लेखापाल आहे. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागतो आणि पडदे-दिव्यांची बिलं कुठल्या ना कुठल्या शीर्षाखाली दडवायचा प्रयत्न दरवर्षी कोणीतरी करतं. मला वाटलं, हेही तसलंच. बिल घेऊन आलेल्या बाई नवीन होत्या. प्राणिशास्त्राच्या सहायक प्राध्यापक, रीता नागपुरे.

“मॅडम, नाटक कोणतं बसवताय?” मी विचारलं.

“नाटक नाही सर. औषधाला अंधार लागतो.”

“औषधाला?”

“उजेड पडला की ते जागं होतं. नको तेव्हा जागं झालं तर माझ्या काही कामाचं नाही.”

एवढ्यावर मी सही केली नाही. मग त्यांनी समोरची खुर्ची ओढली आणि न विचारता बसल्या. पुढचा अर्धा तास मी जे ऐकलं ते कॉमर्सच्या माणसाला समजेल अशा भाषेत होतं, म्हणून लक्षात राहिलं. शरीराच्या प्रत्येक पेशीच्या आत एक सांगाडा असतो. हाडांचा नव्हे. बांबूसारख्या पोकळ, अतिशय बारीक नळ्यांचा. आपण लग्नाचा मांडव घालतो आणि सोडतो तसा हा मांडव पेशी सारखी घालत आणि सोडत असते. त्याच्यावर पेशीचा आकार उभा राहतो, त्याच्यावरूनच आतल्या मालाची ने-आण होते, आणि एका पेशीच्या दोन होतात तेव्हा ओढाताणीचं कामही याच नळ्या करतात. कॅन्सरची गाठ म्हणजे पेशींच्या एकाच्या दोन, दोनाच्या चार. मांडव अडवला की गाठ अडते. कॅन्सरवरची काही जुनी, नावाजलेली औषधं हेच करतात.

“मग नवीन काय आहे?”

“ती औषधं गाठ ओळखत नाहीत. जिथं रक्त जातं तिथं ती जातात आणि तिथला मांडव अडवतात. माझं रसायन दोन आकाराचं आहे. सरळ असतं तेव्हा निरुपद्रवी. जांभळट निळा उजेड पडला की वाकतं, आणि वाकलं की त्या नळ्यांच्या सांध्यात जाऊन बसतं. हिरवा उजेड टाकला की पुन्हा सरळ होतं. म्हणजे औषध सगळ्या अंगात असलं तरी काम तिथंच करेल, जिथं मी उजेड टाकीन.”

“हे तुम्ही शोधलं?”

“नाही. हे बाहेरच्या देशांत झालेलं आहे. मी ते इथं करणार आहे.”

‘इथं’ हा शब्द त्यांनी टेबलावर बोट ठेवून उच्चारला. मी सही केली.

रीता मॅडम मूळच्या वैनगंगेच्या पलीकडच्या, गडचिरोली जिल्ह्यातल्या. आरमोरीपासून आत जंगलाकडे त्यांचं गाव. ढिवरांची तीसेक घरं. पुरुष मासे धरतात आणि पावसाळ्यापासून जंगलात ऐनाच्या झाडांवर कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, अळ्या पाळतात. बाया घरी कोसे शिजवून त्यांचा धागा काढतात. वडील त्या आठवीत असताना वारले. आई आशाबाईंनी मांडीवर धागा वळून मुलीला शिकवलं. आरमोरीला बारावी, आमच्याच महाविद्यालयात बी.एस्सी., पुढचं सगळं नागपूरला. तिथून हैदराबादच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत जागा मिळत होती. त्या गेल्या नाहीत. आमच्याकडे स्टाफरूममध्ये याचा अर्थ एकच लावला गेला, तिकडे टिकली नसेल म्हणून परत आली.

कोणी तोंडावर विचारलं तर त्या म्हणत, “मी परत आले नाही. मी कामाला आले.”

कामाला जागा मिळाली ती पदार्थविज्ञान विभागाची, पूर्वी फोटो धुण्यासाठी वापरलेली बिनखिडकीची खोली. आत लाल बल्ब, दाराला काळ्या कापडाचे दुहेरी पडदे. लाल उजेड त्या रसायनाला कळत नाही, एवढ्यासाठी लाल. पण गाव लहान. ‘लाल बल्बवाली’ हे नाव पहिल्याच महिन्यात पडलं.

आमचा शिपाई प्रफुल एकदा चहा देताना म्हणाला, “मॅडम, खोलीत काय पिकवून राह्यले जी? अंडे?”

“हो, प्रफुल भाऊ. पिलं निघाली की पहिलं तुमच्या पदरात टाकते. सांभाळा.”

प्रफुल हसला. सगळ्यांची थट्टा एवढी साधी नव्हती. लग्न न झालेली बाई आतून कडी लावून बसते, यावरून बरंच बोललं गेलं. प्राचार्यांनी त्यांना बोलावून दार उघडं ठेवायला सांगितलं. मी तिथे फायली घेऊन उभा होतो.

“दार उघडं ठेवलं तर चार दिवसांचं काम चार सेकंदात जातं,” रीता मॅडम म्हणाल्या. “तुम्ही आत बसा ना, सर. रोज चार तास. मग तर कोणाची हरकत नसेल?”

प्राचार्य खरंच गेले. दहा मिनिटांत घाम पुसत बाहेर आले आणि दाराचा विषय पुन्हा निघाला नाही.

औषध कशावर करून बघायचं, हा खरा प्रश्न होता. मोठ्या संस्थांत माणसाच्या पेशी वाढवतात. त्यासाठी लागणाऱ्या यंत्रांच्या किमतीत आमच्या महाविद्यालयाची नवी इमारत झाली असती. रीता मॅडमनी उत्तर गावात शोधलं. कोशाच्या अळीचं रक्त हिरवट असतं. त्याचा थेंब काचेवर ठेवला की त्यातल्या पेशी काचेला चिकटतात आणि पसरतात, लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या होतात. मांडव अडवला की त्या आपला आकार सोडून गोल होतात. हे साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतं.

अळ्या आणायच्या कुठून, तर मुखरूमामाकडून. मुखरूमामा म्हणजे आशाबाईंचे धाकटे भाऊ. जंगलातल्या त्यांच्या जागेला गावात राखण म्हणतात, कारण पाखरं, मुंग्या आणि माकडं यांच्यापासून अळ्या राखाव्या लागतात. राखणीचे नियम कडक. हंगाम चालू असेपर्यंत माणूस तिथंच झोपडीत राहतो, एक वेळ जेवतो, मांस-मासे खात नाही. गावाबाहेर गेला तर परतल्यावर आंघोळ करून, रात्र राखणीभोवती बांधलेल्या दोरीबाहेर काढून, सकाळीच आत जातो. आणि बाईने दोरीच्या आत पाऊल टाकायचं नाही. दोन वर्षं रीता मॅडम दोरीबाहेर उभ्या राहून अळ्या घ्यायच्या आणि ऐनाच्या डहाळ्यांसकट टोपलीत घालून बसने आणायच्या.

आशाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते २०२३ च्या उन्हाळ्यात. त्याआधीच्या वर्षी त्यांच्या छातीची गाठ काढली होती आणि नागपूरला औषधाचे डोस झाले होते. त्या वाचल्या. पण हातापायांची बोटं बधिर झाली. मॅडमनी मला याचं कारण एकदा सांगितलं होतं. कण्यापासून बोटापर्यंत जाणारी मज्जातंतूची पेशी हातभर लांब असते. तिच्या आतली ने-आण त्याच नळ्यांवरून चालते. आईला दिलेल्या औषधाने त्या नळ्या गोठवल्या, गाठीतल्याही आणि बोटांकडे जाणाऱ्याही.

धागा काढणाऱ्या बाईचं बोट बधिर होणं म्हणजे काय, ते मी मॅडमच्या ब्रह्मपुरीतल्या भाड्याच्या घरी गेलो तेव्हा बघितलं. चार-पाच शिजलेल्या कोशांचे तंतू एकत्र ओढून, मांडीवर वळून एक धागा होतो. एखादा कोसा संपला की धागा बारीक होतो, तो बोटाला कळतो आणि लगेच नवा जोडायचा असतो. आशाबाईंना तो कळेना. व्यापाऱ्याने दोन वेळा धागा परत केला. तिसऱ्या वेळी त्या बसल्या आणि वळलेला धागा खालच्या ओठावरून ओढत नेऊ लागल्या. ओढायचा, ओठावरून न्यायचा, थांबायचा, जोडायचा. माझ्यासमोर त्यांच्या ओठाला बारीक चीर पडून रक्त आलं. पदराने पुसून त्यांनी पुढचा कोसा घेतला.

“बाई, कशाला एवढा त्रास?” मी म्हणालो. “मुलगी कमावते आता.”

“पोरगी तिचं कमावते, बाबू. मी माह्यं,” त्या म्हणाल्या. “बोटं मेली. ओठ नाई मेला.”

व्यापाऱ्याने नंतर एकही धागा परत केला नाही.

आता १४ ऑक्टोबर २०२४ चा सोमवार. मॅडमच्या प्रकल्पाला ज्यांनी पैसे दिले होते त्यांची समिती त्या दिवशी येणार होती. दोन वर्षं झाली होती. समितीने होकार दिला तर पुढचं वर्ष मिळणार होतं. नकार दिला तर खोली मंगळवारी परीक्षा विभागाकडे जाणार होती. विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिका ठेवायला कुलूपबंद, बिनखिडकीची जागा हवी होती आणि तशी एकच जागा आमच्याकडे आहे. प्राचार्यांनी आदेश टाइप करून घेतला होता, फक्त सही राहिली होती. तो आदेश माझ्याच कपाटात होता आणि मॅडमना ते माहीत होतं.

मुखरूमामा आदल्या संध्याकाळी बारा अळ्या घेऊन आले. नियम मोडून नव्हे. या वेळी माल मोलाचा म्हणून स्वतः पोचवायला आले, परतल्यावर दोरीबाहेर रात्र काढायची तयारी ठेवून. सोमवारी पहाटे मॅडमनी सगळ्या अळ्यांचं रक्त काढलं, अंधारात औषध मिसळलं, काचा तयार करून ओल्या डब्यात मांडल्या. मग आंघोळीला आणि आईला आणायला घरी गेल्या. जाताना मामांना बजावलं, “मामा, इथी आग लावायची नाई. काडी नाई, बिडी नाई, उदबत्ती नाई. आत स्पिरिट हाये.”

मामांनी आग लावली नाही. पण टोपलीत बारा अळ्या मरून पडल्या होत्या. त्यांच्या घरात कोशाचं पहिलं मडकं चुलीवर चढलं की आतल्या जिवांच्या नावाने दिवा लावतात. आजवर तो चुकला नव्हता. आगीचा दिवा चालत नाही म्हणून त्यांनी प्रफुलकडून शारदा उत्सवाची विजेच्या दिव्यांची माळ मागून घेतली, टोपलीभोवती नीट गुंडाळली आणि हात जोडून शेजारी बसले. माळ निळी होती. टोपली आणि काचांचा उघडा डबा एकाच टेबलावर होते.

दहा वाजता समितीचे अध्यक्ष आणि त्यांच्याबरोबरचे एक सदस्य आले. मॅडम अर्धा तास बोलल्या. एका काचेचा अर्धा भाग काळ्या पट्टीने झाकायचा, उरलेल्यावर उजेड टाकायचा आणि तासाभराने दोन्ही बाजू बघायच्या, एवढाच प्रयोग होता. त्याआधी, काचा नीट आहेत ना बघायला, त्यांनी पहिली काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मग दुसरी, मग तिसरी. मी दारात पडदा धरून उभा होतो. त्यांची मान वर आली तेव्हा त्या समितीकडे बघत नव्हत्या. आता कोपऱ्यात सरकवलेल्या टोपलीकडे बघत होत्या. माळ आता बंद होती, पण टोपलीवर होती.

अध्यक्षांनी काच पाहिली. “सगळ्याच पेशी गोल आहेत, मॅडम. अजून तर तुम्ही उजेड टाकलाच नाही. म्हणजे तुमचं औषध अंधारातही मारतं.”

“मारत नाही. यांच्यावर उजेड पडलाय.”

“कोणाचा?”

मुखरूमामा उठून उभे राहिले. “माहा,” ते म्हणाले. “मी लावला जी. आग नोको म्हणली, आग नाई लावली.”

मॅडम मामांजवळ गेल्या, टोपलीवरची माळ सोडवली आणि त्यांच्या हातात दिली. “बरोबर हाये, मामा. म्या आग म्हणली. उजेड म्हणायला पायजे होतं.”

“आमची गाडी पाच वाजता निघते,” अध्यक्ष म्हणाले. त्यांचा सूर वाईट नव्हता, थकलेला होता. “आम्ही जे पाहिलं ते लिहू. काय घडलं असेल ते लिहिता येत नाही.”

“जे दिसेल तेच लिहा, सर. पण तीन वाजता बघा. आता जेवा.”

“नव्या अळ्या आहेत?”

“आणते.”

प्राचार्य मध्ये पडले, “अहो, कुठून आणता? राहू द्या आता. आपण नंतर सविस्तर खुलासा पाठवू.”

“सर, खुलासा तुम्ही पाठवा. मी अळ्या आणते.”

महाविद्यालयाची गाडी काढायची तर अर्ज, मंजुरी, नोंद. मी माझी स्वतःची व्हॅन काढली. मागे आशाबाई आणि मुखरूमामा, पुढे मॅडम. वैनगंगेचा पूल ओलांडेपर्यंत मामा सारखे म्हणत होते, “मी बुडवली पोरीले.” शेवटी आशाबाई म्हणाल्या, “चूप रे. बुडाली तर पोहन. ढिवराची हाये.”

राखणीजवळ गाडी थांबवली तेव्हा बारा वाजून गेले होते. झाडाला झाड बांधून नारळाची दोरी लावलेली होती. आत ऐनाच्या पानांआड हिरव्या अळ्या, बोटाएवढ्या जाड. दोरीपाशी इसरू बसला होता. त्याची आणि मामांची राखण लागूनच आहे.

मामा म्हणाले, “इसरू, चार अळ्या काढून दे गा. माह्याच झाडावरच्या. मी रातभर बाहेर होतो, मले आज आत जाता येत नाई.”

“तुही राखण. मी काऊन हात लावू? काई झालं तं माह्यावर येईन.”

“अबे, मी सांगून राह्यलो ना!”

“तू शहरात निजून आला. तुह्या सांगण्यालेच आता काई किंमत नाई.” इसरू आमच्याकडे वळला. “आन या बायांले दूर उभी कर. दोरीले हात लागून राह्यला.”

मामांचा चेहरा उतरला. त्यांनी वहाणा काढल्या. “मंग मीच जातो. मोडायचाच हाये तं मी मोडतो.”

रीता मॅडमनी त्यांचा दंड धरला. “नाही, मामा. तुले इथंच राहायचं हाये, यायच्यासोबत. उद्या पाखरू आलं तरी तुह्याच नावावर जाईन. म्या मोडते. माह्या नावावर जाऊ दे.”

आणि दोरी उचलून त्या आत गेल्या.

इसरू ओरडत उठला. “बाईची जात राखणीत! सारा कोसा सडन!”

तेव्हा आशाबाई पुढे झाल्या. उंचीने इसरूच्या खांद्याला लागतील एवढ्याच. “काय सडन रे, इसरू? तीस वर्सं तुह्या बापाचा आन तुहा कोसा माह्या मांडीवर निघाला. तवा नाई सडला? झाडावर असला का देवाचा, आन मडक्यात पडला का बाईचा?”

“ते अलग हाये, आशाबाई.”

“काय अलग हाये, मले समजावून सांग. मी बसली.” आणि त्या खरंच दोरीवर पाय ठेवून, अर्ध्या आत अर्ध्या बाहेर, जमिनीवर बसल्या.

इसरू एकदा त्यांच्याकडे, एकदा झाडांकडे बघत राहिला. मॅडम घाई करत नव्हत्या. कात टाकायला टेकलेली अळी नको, कोसा बांधायला निघालेली नको, असं बघत त्या झाडाझाडाशी थांबत होत्या. चार अळ्या डहाळीसकट तोडून त्या बाहेर आल्या. दोरी उचलली होती ती पुन्हा नीट ताणून बांधली.

“इसरूमामा, काही नुकसान झालं तं मले सांगा,” त्या म्हणाल्या. “पण माह्यामुळं झालं हे दाखवून सांगा.”

आम्ही परत निघालो. मॅडमनी डहाळ्या मांडीवर आडव्या धरल्या होत्या आणि वर आपली ओढणी पसरली होती, उन्हासाठी.

तीनला दहा कमी असताना नव्या काचा तयार होत्या. लाल बल्बाखाली मॅडमनी काळ्या पट्टीचं रीळ अध्यक्षांपुढे धरलं. “तुम्ही लावा, सर. कुठला भाग झाकायचा ते तुम्ही ठरवा. मला सांगू नका.”

अध्यक्षांनी एका काचेवर पट्टी तिरपी लावली, दुसरीवर मधोमध. तिसरी पूर्ण झाकली. मग निळा दिवा लागला. तासभर आम्ही सगळे त्या कोंदट खोलीत बसून होतो. प्राचार्यही बसले. प्रफुलने पडद्यातून हात घालून चहा दिला आणि विचारलं, “माळ पायजे का जी?” त्याच्यावर अध्यक्षसुद्धा हसले.

चारला पट्ट्या काढल्या. अध्यक्षांनी बराच वेळ डोळा लावून ठेवला. काच सरकवत या टोकापासून त्या टोकाला नेली, परत आणली. मग सदस्यांनी पाहिलं. मग मी विचारलं, मी बघू का. झाकलेल्या बाजूला पेशी लांबट, निमुळत्या, धान पेरल्यासारख्या पसरलेल्या होत्या. काच जरा सरकवली की एक तिरपी रेघ लागत होती, पट्टीच्या कडेची. रेघेपलीकडे सगळे साबुदाणे. औषध दोन्हीकडे सारखंच होतं. अध्येमध्ये रेघेच्या चुकीच्या बाजूलाही एखादा साबुदाणा होता. मॅडमनी तो स्वतःहून दाखवला.

“हिरव्या दिव्याने परत येतात?” अध्यक्षांनी विचारलं.

“निम्म्या येतात. उरलेल्या येत नाहीत. का येत नाहीत ते मला अजून माहीत नाही. त्यासाठीच वर्ष मागते आहे.”

“आणि माणसाच्या आतल्या गाठीपर्यंत हा उजेड नेणार कसा? निळा उजेड कातडीखाली फार जात नाही.”

“नाही जात. त्यावर लोक काम करताहेत. मी त्यांच्यात नाही. मी एवढंच विचारते आहे की ज्या पेशीवर उजेड पडला नाही ती खरोखर धड राहते का, आणि किती दिवस राहते.” त्यांनी काचेच्या झाकलेल्या बाजूकडे बोट केलं. “उजेड न पडलेल्या बाजूचं कोणी फारसं मोजत नाही, सर.”

अध्यक्षांनी कागदावर काहीतरी लिहिलं. आशाबाई इतका वेळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या उठल्या आणि कोणाला न विचारता सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. थोड्या वेळाने म्हणाल्या, “हे लंबे लंबे हायेत ते जिवंत?”

“हो, आई.”

“आन गोल ते मेले.”

“मेले नाईत, अडलेत. पण आई, हे औषध तुह्या बोटांसाठी नाई. यातनं तुह्यी बोटं परत येणार नाईत.”

“मले माहीत हाये. मी बोटासाठी नाई आली.” त्यांनी डोळा काढला आणि अध्यक्षांकडे वळल्या. “सायेब, हिले वर्सभर खोली द्या. नाई दिली तं ही घरी करन, आन मंग माह्या चुलीवर काळं कापड बांधन. मले सैपाक करता येणार नाई.”

पाचच्या आत समिती गेली. त्यांनी काय लिहिलं ते दीड महिन्याने कळलं. ‘कामाला एक वर्षाची मुदतवाढ द्यावी. रक्कम मागणीच्या निम्मी.’ रीता मॅडमनी पत्र वाचलं, घडी घातली आणि मला म्हणाल्या, “निम्म्यात बसवू, सर. लाल बल्ब जुनेच चालतील.” परीक्षा विभागाला खेळाच्या साहित्याची खोली दिली. तिला खिडकी होती, ती विटा लावून बुजवली. तो टाइप केलेला आदेश मी कपाटातून काढून प्राचार्यांकडे परत दिला.

राखणीत त्या हंगामात कोसा कमी आला. परतीचा पाऊस लांबला होता. इसरूने पंचांसमोर सांगितलं की पोरगी आत गेली म्हणून झालं, मुखरूने नारळ फोडून माफी मागावी. मुखरूमामांनी विचारलं, “मागल्या साली याहून कमी आला होता. तवा कोन गेली होती आत?” नारळ फोडला नाही. गावात दोन-तीन घरांनी त्यांना वर्षभर लग्नाला बोलावलं नाही. बोलावणं आलं नाही त्या घरांचा कोसाही आशाबाईंकडेच येतो, कारण तेवढ्या सारख्या जाडीचा धागा पंचक्रोशीत दुसरं कोणी काढत नाही. त्या तो काढून देतात आणि मजुरी पूर्ण घेतात.

मॅडम आता दोरीबाहेर उभ्या राहत नाहीत. थेट आत जातात. यंदाच्या श्रावणात त्यांच्यासोबत गावातली आणखी एक मुलगी आत गेली, बारावीत शिकणारी, ललिता. इसरूने तोंड फिरवून घेतलं, पण दोरी उचलून धरली असं मामा सांगतात. मामांचं सगळंच खरं धरावं असं नाही.

पुढच्या जूनमध्ये मी निवृत्त होतो. त्याआधी एक नोंद पूर्ण करायची होती, ती होईल असं दिसत नाही. जिवंत अळी हा माल कुठल्याही खरेदीच्या शीर्षात बसत नाही, असं लेखापरीक्षकांचं म्हणणं आहे. कोशाला चार रुपये धरून त्या दिवशीच्या सोळा अळ्यांचे चौसष्ट रुपये महाविद्यालय मुखरूभाऊंना अजून देणे लागते.